प्रवासाचे ओझे

समुद्रकिनारी दोन दिवस राहावयास जाण्याचे ठरले, की घरातील लहानथोरांच्या उत्साहाला भरते येते. प्रत्येकजण आपापल्या वस्तू जमवू लागतो. कोणी चार सदरे काढून ठेवतो, कोणी खेळण्यांची पेटी उचलतो, कोणी जाडजूड पुस्तके आणून ठेवतो. या वस्तू खरोखर लागतील काय, असे विचारले, तर एकच उत्तर मिळते : ‘असू द्या, लागल्याच तर!’ या लहानशा वाक्यात फार मोठे ओझे दडलेले असते. पिशव्या फुगतात त्या लागणाऱ्या वस्तूंनी नव्हे, तर लागतील की काय या शंकेने.

हे ओझे नेमके कोठे जाणवते, हे पाहण्यासाठी एका कुटुंबाची कल्पना करू. हे कुटुंब कोपर येथे राहते. कोपर हे मध्य रेल्वेवरील दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले स्थानक होय. येथे लोहमार्ग दोन पातळ्यांवर आहेत. कल्याण-ठाण्याच्या गाड्या खालून धावतात आणि दिवा-वसईच्या गाड्या वरच्या फलाटावर थांबतात. आजी, आई, बाबा आणि दोन मुले अशी पाच माणसे पालघर जिल्ह्यातील केळवे येथे निघाली आहेत. वरच्या फलाटावरून सुटलेली त्यांची गाडी उल्हास नदी ओलांडून भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र या मार्गाने वसई रोडला पोहोचते. तेथे बहुधा गाडी बदलावी लागते. डहाणूकडे जाणाऱ्या गाडीने विरार, वैतरणा, सफाळे ही स्थानके मागे टाकली, की केळवे रोड येते. स्थानकापासून किनारा काही किलोमीटर दूर आहे. तेथे रिक्षाने जावे लागते.

आता या प्रवासातील अडचणी मोजा. कोपरला जिने चढावयाचे आहेत. वसई रोडला पूल ओलांडून दुसऱ्या फलाटावर जावयाचे आहे. उपनगरी गाडी स्थानकात बहुधा अर्धा मिनिटच थांबते. तेवढ्या वेळात पाच माणसांनी चढावयाचे, आजीला हात द्यावयाचा आणि लहान भावंडाला सांभाळावयाचे. चढताना एक हात दांडीला आणि दुसरा हात धाकट्या भावाच्या हातात हवा. दोन्ही हातांत पिशव्या असतील, तर दांडी कशाने धरणार? म्हणून सामान हलके असावे, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

मग एका मुलाने किती ओझे उचलावे? याचे उत्तर तुमच्या दप्तरात सापडेल. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे भारत सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणात सांगितले आहे. हाच नियम प्रवासाच्या पिशवीला लावून पाहा. तुमचे वजन ३६ किलोग्रॅम असेल, तर तुमची पिशवी ३.६ किलोग्रॅमहून जड नसावी. त्यात एक लिटर पाण्याची बाटली ठेवली, की एक किलोग्रॅम तेथेच संपले. कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. उरले अवघे अडीच किलोग्रॅम. पिशवीचे वजन घरच्या घरी काढता येते. प्रथम पिशवी पाठीवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, नंतर पिशवीवाचून उभे राहा आणि दोन्ही आकड्यांतील फरक पाहा.

तुम्ही म्हणाल, ‘माझी पिशवी जड झाली, तर बाबा घेतील.’ बाबा घेतील हे खरे. परंतु त्यांच्या हातात त्यांची पिशवी आहेच. त्यांनी तुमची घेतली, तर त्यांची आई घेईल, आणि आईची शिदोरीची पिशवी जिना चढताना आजीला सावरावी लागेल. ओझे नाहीसे होत नाही; ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. पुष्कळ घरांत ते शेवटी अशा माणसाच्या हाती येऊन थांबते, की जे तक्रार करीत नाही. म्हणून पहिला नियम असा, की स्वतःची पिशवी स्वतः भरावी आणि ती स्वतःच उचलावी. जो उचलणार असतो, तो विचारपूर्वक भरतो.

वस्तूंची निवड करताना प्रवासाचा हेतू डोळ्यांपुढे असावा. जुन्या काळचे एक उदाहरण पाहा. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. त्याच वर्षी तिकडे मोठे बंड उसळले आणि ते त्या धामधुमीत सापडले. वाटेत ते लुटले गेले आणि त्यांच्याजवळचा पैसाअडका गेला. तरीही आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत आली आहे. कावड काही हलकी नसते. परंतु आपल्या प्रवासात कोणती वस्तू खरी मोलाची, हे ज्याला ठाऊक असते, त्याला बाकीच्या वस्तूंवाचून चालवता येते.

आपला हेतू त्या मानाने साधा आहे. किनाऱ्यावर हिंडावे, पाण्यात खेळावे, सुरूच्या झाडांखाली बसावे आणि शीतलादेवीचे देऊळ पाहावे. एवढ्यासाठी काय लागते? कपड्यांचे तीन जोड पुरे होतात : एक अंगावर, एक पिशवीत आणि एक वाळत. ऊन लागू नये म्हणून डोक्याला टोपी हवी. पायांत चपला असाव्यात. बुटांत वाळू जाते आणि भिजलेले बूट लवकर वाळत नाहीत. कपडे सुती पण पातळ असावेत. जाड कापड पुष्कळ पाणी शोषून घेते आणि ते पाणी परतीच्या प्रवासात आपल्यालाच वाहून न्यावे लागते.

याचा एक सोपा प्रयोग करून पाहा. अंग पुसण्याचा जाड टॉवेल कोरडा असताना तोलून घ्या. मग तो भिजवा, पिळा आणि पुन्हा तोला. त्यानंतर हाच प्रयोग पंचावर करा. पंचाचे वजन मुळातच कमी, तो पाणीही कमी धरून ठेवतो आणि वाऱ्यावर झटकन वाळतो. आपल्याकडील जुनी माणसे प्रवासात पंचा का नेत असत, हे मग ध्यानात येईल. मात्र पंचा असो की सदरा, समुद्रात भिजलेले कापड गोड्या पाण्यात खळबळून घेतल्याखेरीज नीट वाळत नाही. समुद्राच्या पाण्यातील क्षार कापडात राहतात. ते हवेतील दमटपणा ओढून घेतात, आणि दिवसभर दोरीवर टाकलेले कापडही संध्याकाळी हाताला ओलसर लागते.

काही वस्तू प्रत्येकाच्या वेगळ्या असाव्या लागतात, तर काही घरात मिळून एकच पुरते. दात घासण्याचा ब्रश ज्याचा त्याचा. पण साबण, कंगवा, तेलाची कुपी आणि दंतमंजन पाचजणांत एकेक पुरे. सगळ्यांनी न विचारता पिशव्या भरल्या, की याच वस्तू पाच पाच होतात. म्हणून भरण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून एक यादी करावी. यादीत वस्तूचे नाव, ती किती नगांची आणि ती कोणाच्या पिशवीत आहे, एवढे लिहिले म्हणजे झाले.

शिदोरीचाही विचार असाच करावा. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली दशमी पोळीपेक्षा अधिक टिकते. म्हणून ती पूर्वीपासून प्रवासात नेली जाते. दशम्या, कोरडी चटणी आणि गूळ कापडात बांधून घेतले, तर जड डब्यांची गरज उरत नाही. जेवण झाले, की कापडाची घडी करून ठेवता येते. शिदोरी हे असे सामान आहे, की जे वाटेत हलके होत जाते. परतीच्या वेळी तिच्या रिकाम्या जागेत ओले कपडे ठेवता येतात.

वस्तू निवडल्या, तरी त्या कशा भराव्यात हा प्रश्न उरतोच. जी वस्तू सर्वांत शेवटी लागणार, ती तळाशी ठेवावी आणि जी प्रथम लागणार ती वर. मुक्कामी पोहोचल्यावर लागणारे कपडे खाली, तर टोपी आणि पाणी वर असावे. कपड्यांच्या घड्या रचण्यापेक्षा त्यांच्या घट्ट सुरळ्या कराव्यात. म्हणजे त्या कानाकोपऱ्यांत बसतात आणि एक कपडा काढताना बाकीचे विस्कटत नाहीत. जड वस्तू पाठीला लागून आणि उंचीच्या मध्यावर ठेवावी. ती पाठीपासून दूर असेल, तर पिशवी आपल्याला मागे खेचते, आणि तोल सावरण्यासाठी आपण पुढे वाकून चालतो. वजन तेवढेच असते, पण दमणूक वाढते.

तिकिटे, पैसे आणि औषधे सर्वस्वी एकाच पिशवीत ठेवू नयेत. पैशांचे दोन भाग करून ते दोन मोठ्या माणसांजवळ द्यावेत. आजीचे रोजचे औषध तिच्या हाताशी असावे; सामानाच्या तळाशी असून उपयोग नाही. निघण्यापूर्वी नग मोजावेत. ‘एकूण सात नग’ असे सर्वांनी एकदा म्हणून घ्यावे. गाडीत चढल्यावर, गाडी बदलल्यावर आणि रिक्षातून उतरल्यावर पुन्हा सात मोजावेत. हे काम घरातील एखाद्या मुलाकडे दिले, तर ते चोख होते. नग जितके थोडे, तितकी मोजणी सोपी आणि विसरण्याची भीती कमी.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर व्यवस्थितपणा सोडून चालत नाही. पुष्कळ लोक पाण्याजवळ वाळूवर सामान टाकून खेळावयास धावतात. थोड्या वेळाने पाहतात, तो चपला तरंगत चाललेल्या असतात! समुद्राला दिवसातून साधारणपणे दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. वाळूवर शिंपल्यांची, काटक्यांची आणि वाळलेल्या शेवाळाची एक लांबच लांब रेघ दिसते. मागच्या भरतीचे पाणी तेथवर आले होते, अशी ती खूण होय. सामान त्या रेघेच्या बरेच वर, एकाच ठिकाणी ठेवावे आणि तेथे एक मोठे माणूस बसावे.

भरतीची वेळ जाणण्याचा एक जुना हिशेब आपल्या किनाऱ्यावर प्रचलित आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. दररोज भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, म्हणून हा हिशेब जुळतो. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास समुद्राला उधाण येते व पाणी नेहमीपेक्षा वर चढते. तेव्हा अधिक जपावे. केळव्याचा पाण्यातला लहानसा किल्ला, म्हणजे पाणकोट, जवळून पाहावयाचा असेल, तर ओहोटीची वेळ साधावी लागते. मात्र हा हिशेब अंदाजाचा आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी किंवा पाणकोटाकडे जाण्यापूर्वी तेथील कोळी बांधवांना विचारावे आणि मोठ्या माणसांना बरोबर घ्यावे.

भरतीचा हा हिशेब पिशवीत ठेवावा लागत नाही. आईबाबांचा दूरध्वनी क्रमांक पाठ असेल, तर गर्दीत चुकामूक झाली असता तो उपयोगी पडतो. त्याचेही वजन काही नाही. वाटेतील स्थानकांचा क्रम ठाऊक असेल, तर उतरण्याची तयारी आधीच करता येते. ज्याला वाटेची माहिती नसते, तो प्रत्येक शंकेसाठी एकेक वस्तू बरोबर घेतो. ज्याला ती असते, त्याचे थोडक्यात भागते.

परतताना यादी पुन्हा बाहेर काढावी आणि एकेक वस्तू ताडून पाहावी. कपड्यांतील वाळू झटकावी. ओले कपडे वेगळ्या पिशवीत घालावेत. खाऊचे कागद आणि रिकाम्या बाटल्या वाळूत टाकू नयेत. त्या हलक्या असतात, परत आणणे काही कठीण नाही.

घरी आल्यावर आणखी एक काम करावे. ज्या वस्तू प्रवासात एकदाही वापरल्या नाहीत, त्यांच्या नावापुढे यादीत फुली मारावी. औषधांसारख्या वस्तूंवर मात्र फुली मारू नये. त्या लागल्या नाहीत, हे आपले भाग्य. बाकीच्या फुल्या मोजाव्यात आणि ती यादी जपून ठेवावी. पुढच्या सुटीत पिशवी भरताना कोणी ‘असू द्या, लागल्याच तर!’ असे म्हणाले, तर ती त्याच्यापुढे धरता येईल.