बागा रस्त्यावरचं तावेर्न

संपादकांना लेख हवा होता नाइटक्लबांवर. ‘कळंगुट, बागा, जुने दिवस, जुनी गाणी, चार फोटो,’ एवढाच निरोप होता. क्लबाच्या आठवणी विचारायच्या तर क्लबात जाणं सोडलेलीच माणसं हवीत, म्हणून मी साठीच्या आसपासच्यांना गाठत सुटले. जहाजावरून निवृत्त झालेला एक तारवटी भेटला, लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवलेला एक म्हापसेकर भेटला, पणजीच्या मळा भागातले एक मास्तर भेटले. डिस्कोचे दिवे, बेलबॉटम, कुणाच्या तरी बहिणीबरोबर केलेला वॉल्ट्झ, हे सगळं दहा मिनिटांत आटपायचं. मग प्रत्येकाची गाडी ठरल्यासारखी एकाच वळणावर यायची: डान्सला जायच्या आधी कुठं बसायचे, तिथं. मी क्लबाचं विचारायची, ते तावेर्नाचं सांगायचे. तीन-चारदा असं झाल्यावर मी संपादकांना न विचारताच विषय बदलून टाकला.

तावेर्न म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे उघडणारं दार, दोन लाकडी बाकं, एक काउंटर, वर कोनाड्यात सांत आंतोन आणि लाल विजेचा बारीक दिवा. फळीवर काचेच्या बरण्यांत लोणच्याच्या मिरच्या, खारवलेल्या कैऱ्या, उकडलेली अंडी. मागच्या दारावर पडदा, आणि पडद्यापलीकडे स्वयंपाकघर, जिथं घरच्यांचं रात्रीचं हुमण रटरटत असतं. मुंबईकरांनी कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारियो मिरांडांची माणसं पाहिलेली असतात. पोट सुटलेले, नाक फुगलेले, टेबलावर कोपर टेकून बसलेले ते लोक मूळचे अशाच खोल्यांतले.

तावेर्नाचं घड्याळ चर्चच्या हातात असायचं. संध्याकाळची आंजेलूसची घंटा झाली की गडी एकेक करून आत शिरायचे आणि घरी तेर्साची, म्हणजे रोझरीची वेळ व्हायच्या आत बाहेर पडायचे. दुपारी दार बंद, कारण दुपारी गोवा झोपतो. म्हणजे दारूचा धंदा असूनही दिवसातले दारूचे तास मोजकेच. हे कुठल्या कायद्यानं ठरवलेलं नव्हतं. पडद्यापलीकडच्या बाईला जेवायला वाढायचं असायचं, एवढंच.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो प्रत्येक बाटलीच्या लेबलावर छापलेला असतो. नारळाच्या सुरेची फेणी जुनी. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. बियांचा पैसा झाला, बोंडांची फेणी झाली. 1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा शेजारच्या महाराष्ट्रात दारूबंदी होती. त्यामुळे सावंतवाडी-बांद्याकडच्या कित्येक सद्गृहस्थांना गोव्यातली देवळं फार आवडत. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2016 मध्ये सरकारनं फेणीला वारसा पेय म्हटलं. तावेर्नाला मात्र कुणी वारसा म्हटलेलं नाही.

मी ज्या तावेर्नात बसले ते बागा रस्त्यापासून आत, एका फाट्यावर आहे. चालवणाऱ्या बाईला गावात सगळे आंटीच म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, फुलाफुलांचा गाऊन, चष्म्याला साखळी. तावेर्न सासऱ्याचं, मग नवऱ्याचं, नवरा गेल्यावर तिचं. पूर्वी बायका तावेर्न चालवायच्या, पण तावेर्नात बसायच्या नाहीत. मला कुठं बसवायचं हा तिला प्रश्नच पडला. ‘बस गो बाय,’ म्हणत तिनं पडद्याच्या आत, स्वयंपाकघराच्या दारात स्टूल ठेवलं. जागा उत्तम निघाली. इथून गिऱ्हाईक दिसतं आणि आंटीचे हातही दिसतात.

त्या हातांसमोर पाच गराफांव होते. गराफांव म्हणजे फुगीर पोटाची, आखूड मानेची भलीमोठी काचेची बाटली. काही हिरवट, काही निळसर, काहींना वेताचं विणलेलं आवरण. फेणी यांत मुरते. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवलेली फेणी आंटीला चालत नाही. ‘कॅनाक वास येता,’ म्हणते. मोठ्या गराफांवातून छोट्या बाटलीत फेणी काढताना ती रबराची नळी लावते, पण नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकू देत नाही, हातभर वरून धार सोडते. काचेवर फेसाचे मणी उठतात. ते किती वेळ टिकतात यावर तिची नजर असते. मणी पटकन फुटले तर माल पातळ, पाणी घातलेला. बारीक, एकसारखे मणी कडेनं माळेसारखे थांबले तर ती मान हलवते. मग एक थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळते, दारूचा भपका उडून जाऊ देते आणि मागे उरलेला वास हुंगते. काजूचा उरला तर ठीक. नुसता स्पिरिटचा उरला तर आणणाऱ्याला माल परत. मी पण हात चोळून पाहिले. मला दोन्ही वेळी काजूच आला. आंटी हसली.

तिचा माल सत्तरी तालुक्यातून येतो. मार्चमध्ये तिथल्या एका भट्टीवर गेले, तेव्हा त्या वासाचं मूळ कळलं. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडलेलीच वेचतात. बी पिळून वेगळी काढायची, बोंडं तुडवायची. पूर्वी हे काम दगडात कोरलेल्या कुंडात पायांनी होई, आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय. चोथ्याचा ढीग वेलीनं बांधून वर धोंडा ठेवला की रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो तो निरो. तो प्यायचा, त्याची दारू करत नाहीत. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबतो. बाहेरून काही घालावं लागत नाही, बोंडांवरचं किण्वच काम करतं. मग तांब्याचं भाण, म्हणजे रस उकळायचं भांडं, खाली लाकडांचा जाळ, वाफ नळीतून लवणीत, म्हणजे वाफ थंड होऊन दारू साठते त्या मडक्यात. लवणीवर एक म्हातारा सारखं पाणी ओतत होता. थांबला तर वाफ वाफच राहील, जास्त जाळ घातला तर करपट वास धरेल. पहिल्या धारेचा हुर्राक. हलका, पंधरा टक्क्यांच्या आसपासचा, टिकत नाही, त्यामुळे मेअखेर संपवायलाच हवा. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून लोक तो दुपारभर पितात. हाच हुर्राक आंबलेल्या रसाबरोबर पुन्हा चढवला की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या घरातली. म्हाताऱ्यानं थर्मामीटर वापरला नाही. पाण्याचा हात आणि जाळाकडे डोळा. दोन तास मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पण तावेर्न नुसत्या मालावर चालत नसे. चालायचं ते वहीवर. आंटीच्या सासऱ्याच्या वह्या अजून आहेत: जाड पुठ्ठ्याच्या, पोर्तुगीज वळणाच्या अक्षरातल्या. नाव, तारीख, रक्कम. जहाजावरच्याचा पगार घरी आला की उधारी फिटायची, मासेमाराची पावसाळ्यानंतर. त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय हे तावेर्नाला पाद्रीबाबाच्याही आधी कळायचं. आणि म्हणूनच आंटीला एक अधिकार होता, जो मला कुठल्याही बारमध्ये दिसलेला नाही. गिऱ्हाइकानं ग्लास पुढं केला आणि तिला वाटलं की बस झालं, तर ती ‘पुरो’ म्हणायची आणि ग्लास उचलून पालथा घालायची. वाद नाही. समोरचा पात्रांव, म्हणजे शेठ, कितीही मोठा असो, उठून घरी. मी बसले होते त्या संध्याकाळीही एकाचा ग्लास पालथा झाला. तो कुरकुरला, पैसे वहीत मांडायला सांगितलं आणि गेला. ‘बायलेन धूव बाळंतपणाक हाडल्या घरा,’ आंटी मला म्हणाली. मुलगी बाळंतपणाला आलीय, घरात पिऊन गोंधळ नको. हिशेब असा होता.

तावेर्नातून उठून माणसं नाचायला जायची. पणजीत क्लुब वास्को द गामा 1909 पासूनचा, आणि क्लुब नासिओनालचा कार्निव्हलच्या शेवटी होणारा ‘रेड अँड ब्लॅक’ डान्स तर आजही होतो. गावांत फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, मांडव, लाकडी स्टेज आणि ब्रास बँड. मुंबईत नाव कमावलेले गोंयकार वादक सुट्टीला गावी आले की पर्वणीच. ख्रिस पेरींचं ट्रम्पेट आणि लॉर्नाचा आवाज यांची आठवण काढताना माझ्या म्हापसेकर गिटारवाल्याचे डोळे खरोखर भरून आले. लॉर्ना कित्येक वर्षं गायलीच नाही आणि 1995 मध्ये पुन्हा स्टेजवर आली, त्या रात्री तो मिरामारला होता. क्लब म्हणजे त्याच्या लेखी एवढंच: जिवंत बँड आणि दाराशी ओळखीचा माणूस.

1971 मध्ये टिटो हेन्री डिसूझांनी बाग्याच्या किनाऱ्यावर छोटंसं रेस्टॉरंट काढलं. पुढं त्याचा डिस्को झाला आणि गल्लीला त्यांचंच नाव पडलं. तिकडे हणजुण्याला हिप्पींच्या पौर्णिमेच्या पार्ट्या. त्यांच्या गोंगाटाबद्दल मला विशेष प्रेम नाही, पण त्यातली एक गोष्ट भारी आहे. इथल्या उन्हात आणि धुळीत व्हिनाइलच्या तबकड्या वाकायच्या, म्हणून डीजे कॅसेट वापरायचे, नंतर डॅट टेप. डॅटचा वेग कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे दोन गाण्यांचा ठेका जुळवून एकात एक मिसळणं अशक्य. मग गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला लांबलचक तुकडा ठेवायचा आणि तिथं जोड द्यायचा. गोवा ट्रान्स नावानं जगभर गेलेल्या संगीताची ठेवण थोडीफार हणजुण्याच्या हवेनं ठरवली, असं म्हणायला हरकत नाही. आंटीचा थोरला तेव्हा तिथं रात्री ऑम्लेट-पाव विकायचा. पार्टीवाले सकाळी तावेर्नात येऊन चहा मागायचे. ती द्यायची.

आता तो रस्ता पाहवत नाही. आंटीच्या फाट्यावर पूर्वी पाच तावेर्नं होती. आज तिचं एक, आणि समोर चुलत जावेचं होतं तिथं बाहेरच्या माणसानं भाड्यानं घेतलेला कॉकटेल बार. पुढची खोली भाड्यानं दिली की घर आपसूक मागं सरकतं. मालक दिल्लीला किंवा बेंगळुरूला, नोकर झारखंडचे, आसामचे, नेपाळचे, गिऱ्हाईक दोन रात्रींचं. ग्लास पालथा घालायचा अधिकार कुणाला? नोकराला तो नाही, आणि मालकाला घालायचाही नाही, कारण भाडं महिन्याचं आहे.

सरकारी बाजूही काही सोपी नाही. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करायचा आदेश दिला. छोट्या वस्तीसाठी नंतर अंतर 220 मीटर केलं. दारू पिऊन ट्रक चालवणाऱ्यांसाठी हा निर्णय योग्यच होता. पण गोव्यातली गावं रस्त्याच्या कडेनंच वसलेली, तेव्हा चालत येणाऱ्या म्हाताऱ्यांची तावेर्नंही त्या टेपात सापडली. पुढं नियम सैल झाला, पण मधल्या काळात ज्यांनी शटर ओढलं ते सगळे परत उघडले नाहीत. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. फेस्ताचा मांडव तो मुकाट पाळतो, किनाऱ्यावर मात्र तक्रार करून करून गावकरी दमलेत. आणि फेणीवर ‘देशी दारू’ हा शिक्का इतकी वर्षं राहिला की परराज्यात ती धड विकता आली नाही. वारसा म्हटल्यावर बाटलीबंद ब्रँडांचं बरं चाललंय, त्यांची लेबलंही देखणी आहेत. आंटीचा सत्तरीवाला मात्र यंदा म्हणाला, बोंडं वेचायला माणसं मिळत नाहीत, बी विकून मोकळं होणं परवडतं.

मग डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या एका नाइटक्लबला रात्री आग लागली. 25 जण गेले, त्यातले बहुतेक तिथेच काम करणारे. वाट इतकी अरुंद की अग्निशमनाच्या गाड्या लांबच थांबल्या. चौकशा झाल्या, परवान्यांची तपासणी सुरू झाली, आणि त्या तपासणीचा एक कागद आंटीकडेही आला. दोन बाकांच्या खोलीला बाहेर पडायचे मार्ग किती? तिनं खरं तेच लिहिलं: पुढचं दार, आणि स्वयंपाकघरातून मागचं. तेवढ्यावर भागलं नाही. परवाना अजून नवऱ्याच्या नावावर आहे, तो स्वतःच्या नावावर करायला वारसाचे कागद हवेत, आणि तीनपैकी दोन मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनला. त्यांच्या सह्या हव्यात. धाकटी तिकडूनच म्हणते, ‘बंद कर आणि ये.’ थोरला म्हणतो, भाड्यानं दे. समोरच्या बारवाल्यानं आकडाही सांगून ठेवलाय.

आंटीनं अजून काही ठरवलेलं नाही. मात्र पणजीचा एक हॉटेल सजवणारा येऊन तीन गराफांव घेऊन गेला, आत दिवे बसवून छताला टांगणार म्हणे. भाव बरा दिला. उरलेल्या दोनांसाठी तो परत आला होता, पण त्यांत गेल्या मोसमाची फेणी आहे. ती संपेपर्यंत भाव विचारू नकोस, असं तिनं त्याला सांगितलंय.