हवा सावरणारा आरसा
दूरचे ग्रह : लेखांक ६

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास राजूरमधून दक्षिणेकडे पाहा. डोंगर आड येत नसेल, तर क्षितिजाच्या थोडा वर एक ठळक तारा दिसेल. अकोल्यात ज्यांचा आश्रम आहे, त्या अगस्ती ऋषींचाच हा तारा. त्याच्या उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या तीन-चार बोटांच्या अंतरावर एक मंद तारा आहे : बीटा पिक्टोरिस. तो ६३ प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याच्या ग्रहाचा प्रत्यक्ष फोटो निघालेला आहे. ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावल्यावरून ग्रह ओळखण्याची रीत आपण मागच्या वेळी पाहिली. ग्रह थेट टिपायचा तर काय करावे लागते, ते आज पाहू.

अडचणी दोन. पहिली झगमगाटाची. हा ग्रह तरुण, अजून तापलेला आहे, म्हणून अवरक्त प्रकाशात उठून दिसतो. तरी ताऱ्यापेक्षा हजारो पटींनी अंधुक. दुसरी अडचण हवेची. गरम-थंड हवेचे थर प्रकाशकिरण सतत वाकवतात. प्रवरेच्या वाहत्या पाण्याखालचा गोटा हलताना दिसतो, तसेच हे. त्यामुळे ताऱ्याचा ठिपका साधारण एक विकला, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाएवढा पसरतो. शोध लागला तेव्हा ग्रह ताऱ्यापासून अर्ध्या विकलेच्याही आत होता. नुसती दुर्बीण मोठी करून हे सुटत नाही.

तोड १९५३ मध्ये होरेस बॅबकॉक यांनी सुचवली : हवेने प्रकाश जितका बिघडवला, तितकाच उलटा बिघाड आरशाने करावा. ती प्रत्यक्षात यायला काही दशके लागली. चिलीतल्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीवरील ‘स्फिअर’ उपकरणात एका लवचीक आरशामागे तेराशेहून अधिक सूक्ष्म रेटे आहेत. संवेदक बिघाड मोजतो, संगणक हिशेब करतो आणि आरसा सेकंदाला हजाराहून अधिक वेळा आकार बदलतो. ठिपका असा आवळला गेला, की कोरोनाग्राफ ताऱ्याचा प्रकाश अडवतो आणि शेजारचा ग्रह दिसू लागतो.

या वाटेवर मराठी मुलखाचीही पावले आहेत. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्यासह संशोधकांच्या गटाने अमेरिकेतल्या पालोमार येथील अवघ्या दीड मीटरच्या दुर्बिणीला असेच उपकरण जोडले. १९९५ मध्ये त्यांनी ‘ग्लिझ २२९’ ताऱ्याचा अंधुक सोबती जाहीर केला. तो ग्रहाहून जड, ताऱ्याहून हलका, म्हणजे तपकिरी बटू होता. त्याच दुर्बिणीसाठी पुढे कॅलटेक आणि पुण्याच्या आयुकाने ‘रोबो-एओ’ हे उपकरण घडवले. माणसाच्या मदतीशिवाय ते रात्रभर एकेक तारा तपासत असे. केप्लर या अवकाश दुर्बिणीला ग्रहाची चाहूल लागलेले शेकडो तारे त्याने पाहिले. ताऱ्याला चिकटून दुसरा तारा असेल, तर त्याचा प्रकाश मिसळून मंदावणे कमी दिसते आणि ग्रह आहे त्याहून लहान भासतो. ही चूक पकडणे फोटो काढण्याइतकेच मोलाचे आहे, कारण ग्रह खडकाळ की वायूचा, हा निष्कर्ष त्याच्या आकारावरही उभा असतो.

‘ग्लिझ २२९’च्या सोबत्याच्या प्रकाशात मिथेनही सापडला होता. प्रकाशावरून दूरची हवा कशी ओळखतात, ते पुढच्या लेखांकात.