अम्मीचं मशीन आणि ईदचं कापड

कापड घेताना अम्मी आधी रंग बघत नसे, पन्हा बघायची. छत्तीसचा की चव्वेचाळीसचा, हे विचारल्याशिवाय ती दुकानदाराला थान उलगडू देत नसे. छत्तीस इंची पन्ह्यात आम्हा तिघी बहिणींच्या कमिजा काढायच्या तर सात मीटर लागत. चव्वेचाळीसमध्ये साडेपाचात भागायचं, वर बाह्यांना झालरही निघायची. मग ती कापडाचा कोपरा दोन बोटांत चोळून बघे. पांढरी भुकटी पडली की समजायचं, सगळा रुबाब खळीचा आहे, एका धुण्यात चिपाड होणार. शेवटी ओला रुमाल कोपऱ्यावर घासायचा. रुमालाला रंग लागला की आम्ही तिघी निमूट पुढच्या दुकानाकडे वळायचो. आम्हाला तोच गुलाबी हवा असायचा, पण त्या बाबतीत अपील नव्हतं.

आमचं बालपण चौकला गेलं. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाचं हे गाव. भाईंदर स्टेशनहून बस निघाली की राई, मुर्धा, मोर्वा, मग मिठागरं, मग डोंगरी, आणि पुढे समुद्र दिसायला लागला की आपण आलो. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत ज्या धारावी किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले, तो इथलाच. खाडीपलीकडे वसई दिसते. वस्ती मुख्यतः ख्रिस्ती कोळ्यांची. मुसलमानांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. अब्बा मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की त्यांच्या हाताला काम भरपूर असे, पण पैसे मिळत बोटी पुन्हा समुद्रात गेल्यावर, मासळी विकल्यावर. ते मधले महिने घर चालायचं अम्मीच्या मशीनवर.

त्यामुळे कापडबाजारात जाणं ही आमच्याकडे चैन नव्हती, कामाचा भाग होता. वर्षातून एकदा, रमजानच्या आधी, अम्मी आम्हाला घेऊन मंगळदास मार्केटला जायची. मरीन लाइन्सला उतरून चालत. आत शिरलं की कोऱ्या कापडाचा तो एक वास यायचा, थोडा खळीचा, थोडा रंगाचा. आणि नावं तरी किती! वॉयल, केंब्रिक, पॉपलिन, आयलेट, रुबिया, लिनन, जॉर्जेट, लठ्ठा, मांजरपाट. आयलेट म्हणजे भोकांभोवती भरतकाम केलेलं पांढरंशुभ्र सुती कापड. आमच्या लेखी जन्नतमधल्या मुली तेच नेसत असणार. दुकानदार मीटरने मोजायचा, अम्मी मनात वारात हिशेब करायची. वार छत्तीस इंचांचा, मीटर एकोणचाळीस इंचांहून किंचित जास्त. दर मीटरमागे हे वरचे तीन इंच ती आपली वैयक्तिक कमाई समजत असे.

अम्मीच्या लग्नाआधीच्या आठवणीतलं कापड मात्र मुंबईच्या गिरण्यांचं. खटावची वॉयल, मफतलालचं पॉपलिन ही नावं ती नातेवाइकांच्या नावांसारखी घ्यायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेक गिरण्या त्यातून नीट सावरल्याच नाहीत. माग मात्र थांबले नाहीत. ते आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला होते, तिथे आणखी वाढले. भिवंडी-मालेगावचे मोमिन-अन्सारी विणकर मूळचे उत्तरेचे; १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळांत त्यांचे पूर्वज दख्खनकडे सरकले. आमच्या अंगावरचं स्वस्त छापील कापड बहुधा त्यांच्याच यंत्रमागांवर विणलेलं असायचं. कापडाला धर्म नसतो असं म्हणतात, पण पत्ता असतो. गिरणगावात कापड बनेनासं झालं याचं अम्मीला जे दुःख होतं, ते मालेगावच्या घरातल्या चुलीशी जोडलेलं आहे, हे आम्हाला फार उशिरा, पुस्तकं वाचून कळलं.

तिसरा पत्ता आखाताचा. मामू कुवेतहून आले की बॅगेत जपानी जॉर्जेट असायचं. चुरगळत नाही, वाळायला दहा मिनिटं पुरतात आणि उन्हाळ्यात अंगाची भट्टी करतं. तरी बिरादरीत त्याची काय शान! लग्नात बायका एकमेकींच्या ओढणीचा पदर हातात धरून विचारायच्या, ‘बाहेरचं का?’ अम्मीला ते फार आवडत नसे. सुईखाली सरकतं, म्हणायची.

आणि एक तुकडा होता, जो कधीच शिवला गेला नाही. आमच्या फूफीचं सासर तेव्हाच्या औरंगाबादचं. तिने अम्मीला लग्नात हिमरूचा तुकडा दिला होता, जांभळ्यावर बदामी वेल. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेलं, किनखाबाची शान पण त्याच्याहून स्वस्त. त्याचाच एक भाऊबंद मशरू. पुरुषांनी निव्वळ रेशीम नेसू नये असा हुकूम; म्हणून विणकरांनी असं कापड काढलं की वर चमकतं ते रेशीम, अंगाला लागतं ते सूत. नावाचा अर्थच ‘शरीअतने परवानगी दिलेलं’. हुकूम मोडायचा नाही आणि देखणेपणही सोडायचं नाही, या दोन्ही गोष्टी एका मागावर बसवणारा तो कारागीर कोण असेल, याचं आम्हाला आजही कौतुक वाटतं. अम्मीने हिमरूला बरीच वर्षं कातर लावली नाही. मग एका दुपारी उठली आणि कुरआन शरीफसाठी जुजदान शिवून मोकळी झाली.

मशीन उषाचं होतं, पायाचं. सासरी येताना बरोबर आणलेलं. समुद्राकाठी लोखंडाचं काही टिकत नाही. खारी हवा आठवड्याभरात सुईला गंज चढवते. म्हणून अम्मीची टाचणउशी केसांनी भरलेली असायची, विंचरताना गळलेल्या आमच्याच केसांनी. डोक्याच्या तेलामुळे सुया गंजत नाहीत. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडायचा, मग अब्बा तो एक बोटभर कापून तारेने पुन्हा जोडून द्यायचे. बोटीच्या इंजिनाला हात लावणारा माणूस या पट्ट्यापुढे मात्र अम्मीच्या हुकमात असे. दुसरी अडचण बोंबलांची. वलांड्यांवर बोंबील वाळत घातले की वारा कुठून येतो ते बघून कापड भिजवायचं, नाहीतर ईदची कमीज सुकट होऊन निघायची.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात असत, पण १९२४ साली एका मुलाखतीत त्यांनी शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. बायकोला हाताने टाके घालताना बघून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र बनवलं, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. सिंगरसाहेबांच्या घरगुती आयुष्याबद्दल जे लिहिलं गेलंय ते वाचता ही गोष्ट जरा गोडच वाटते. पण अम्मीला आम्ही ती सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘प्रेम होतं तर दिवापण लावून द्यायचा ना मशीनला.’ कारण ती शिवायची रात्री.

शिवायला येणारं कापड बहुतेक शेजाऱ्यांचं. पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे, लग्नातल्या करवल्यांचे फ्रॉक, चौकडीच्या लुगड्यांवरच्या चोळ्या. समोरच्या घरातल्या कोळीण मावशी माप द्यायला यायच्या त्या ताज्या कोळंब्या घेऊनच, आणि शिलाईच्या पैशांवरून अम्मीशी तेवढंच कडाडून भांडायच्या. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आम्ही लहान होतो तेव्हा ईद उन्हाळ्यात यायची. सरकत सरकत २००० साली ती नाताळच्या आठवड्यातच आली. घरात एकच मशीन, भिंतीवर खुंटीला वीस-बावीस झगे, अम्मीचे रोजे. चोवीस तारखेच्या रात्री साडेअकराला शेवटचा झगा इस्त्री होऊन गेला. ज्या मुलीचा तो होता ती आमच्याच उंबऱ्यावर पेंगत बसली होती, प्रार्थनेला जायचं म्हणून. आमचं आयलेट अजून घडीतच होतं. सत्तावीसच्या संध्याकाळी चांद दिसल्याचं कळलं आणि मावशी बटणांची डबी मागत आत आल्या. काजे त्यांनी केले, आमच्या मोठीने हेम घातली, आम्ही दोघी दोरे कापत बसलो. फजरच्या आधी तिन्ही कमिजा तयार होत्या. मधलीच्या कमिजेचं एक काज आडवं, बाकीची उभी. ते आडवं काज अजून तसंच आहे.

शिवून उरलेलं वाया जात नसे. मोठे तुकडे बटव्यांना आणि उशांच्या अभ्य्रांना, त्याहून लहान गोधडीला. अम्मीच्या दोन जुन्या सुती साड्यांमध्ये हे तुकडे बसवून आम्ही दुपारी धावदोरा घालत बसायचो. त्यात कोण्या करवलीच्या सॅटिनची पट्टी असे, मोठीच्या शाळेच्या गणवेशाची बाही असे. समुद्राकाठच्या दर्ग्यासाठी कोणी नवस बोललं की गलेफाला गोटा लावायचं कामही आमच्याकडे यायचं. हिरवं सॅटिन, चारी बाजूंनी गोटा, कोपरे दुमडताना हात नीट हवा. त्याची शिलाई अम्मी घ्यायची, पण निम्मी.

एका कामाची मात्र ती कधीच घेत नसे. आसपासच्या घरांत कुणी बाई अल्लाहला प्यारी झाली की अम्मीला बोलावणं यायचं. बाईच्या कफनाला पाच कपडे लागतात. कोरं पांढरं कापड ती जमिनीवर अंथरायची, वितीने मोजायची, कडेला कातरीने जरासा छेद द्यायची आणि मग हाताने फाडायची, एका दमात, सरळ. मशीन नाही, हेम नाही, बटण नाही. आम्हाला तेव्हा बाहेर पाठवलं जाई, पण तो कापड फाटण्याचा आवाज बाहेरही ऐकू यायचा. परत आल्यावर ती आंघोळ करायची, दोन रकात नमाज पढायची आणि अर्धवट राहिलेला झगा पुन्हा सुईखाली घ्यायची.

हे सगळं लिहिताना गोड वाटतं. पण या गोडव्याची किंमत अम्मीच्या पाठीने भरली. चाळिशीत तिला मानेचं दुखणं लागलं, पंचेचाळीसला काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा झाला. बुरख्याची शिलाई तिने तेव्हाच बंद केली. म्हणूनच आम्ही मशीनवर बसायला गेलो की ती उठवायची. ‘हेम घाला, बटणं लावा, पण पायडलला पाय लावायचा नाही. तुम्ही आधी पुस्तकं संपवा.’ मोठीच्या कॉलेजची फी त्या पायडलने भरली, हेही खरं. अशा घरी बसून शिवणाऱ्या बाया मोजायला गेलं तर भिवंडीपासून मालवणीपर्यंत किती मोहल्ले निघतील. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ उभी केली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या मुसलमान बायकाही होत्या. घरून काम करणारीलाही कामगार माना, असा ठराव आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये केला. आपल्या देशाने तो अजून मंजूर केलेला नाही. अम्मीच्या रेशन कार्डावर शेवटपर्यंत ‘गृहिणी’ असंच लिहिलेलं होतं.

आमच्या दीनमध्ये हाताच्या कमाईला कमी लेखलेलं नाही. रसूलुल्लाह ﷺ स्वतःचे कपडे स्वतः शिवत, हे हजरत आयेशा (र.) यांच्या रिवायतीत आहे. हजरत जैनब बिन्ते जहश (र.) हाताने काम करून जे मिळे ते सदका करत. अम्मीला या रिवायती तोंडपाठ होत्या. शिलाईचे पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकांना ती त्या ऐकवायची.

आता आम्ही तिघी मीरा रोडला. खाली उतरलं की रेडिमेड दुकानांची रांग, ईदच्या आधी रात्री दोनपर्यंत गर्दी. तीनशे रुपयांत मुलीचा झगा मिळतो, त्याच्या शिवणीत पाव इंचही मार्जिन सोडलेलं नसतं. मूल वाढलं की उसवायला काही नाही. अम्मी आमच्या कमिजांना कडेला दीड इंच सोडायची, खाली दोन इंच दुमडायची. एक कमीज तीन ईदा बघायची, मग धाकटीकडे यायची. आमच्या मुलींना धाकटीकडे येणं हा प्रकार माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल धाकटीला काही वाईट वाटत नाही.

उषाचं मशीन मधलीने नेलं. पायडल काढून मोटर बसवली, दिवाही बसवला. गेल्या रमजानमध्ये तिने उशांचे सहा अभ्रे शिवले आणि अम्मीला दाखवायला आणले. अम्मीच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. तिने नक्षी बघितलीच नाही. अभ्रा उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘खाली फासे पडतायत. वरचा दोरा सैल आहे, जरा आवळ.’