नवगावची खीर, दिमोनाचं वाळवंट

दसरा जवळ आला की आमच्या अलिबाग तालुक्यात हळवं भात पिवळं पडायला लागतं. कापणी, झोडणी, पेंढ्याच्या उडव्या, सगळी नुसती धांदल! आणि जो तो आभाळाकडे बघत असतो. का? तर परतीचा पाऊस आला म्हणजे कापलेलं भात भिजलंच. या दिवसांत आम्हांला पाऊस अजिबात नको असतो.

आता गंमत ऐका. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा याच भातशेतीच्या मुलखात वाढले, अशी हजारो मराठी माणसं आज इस्रायलमध्ये याच दिवसांत पाऊस पडावा म्हणून प्रार्थना करतात!

ही माणसं म्हणजे बेने इस्राईल, आपले मराठी ज्यू. त्यांच्यात अशी कथा सांगतात, की फार फार वर्षांपूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांनी इथंच घरं केली. घाण्यावर तेल गाळायचं हा त्यांचा धंदा. शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावं वाचा, म्हणजे आमच्या भागाचा नकाशाच समोर येतो : किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. अलिबागची 'इस्राईल आळी' काय आहे असं माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी विचारतात. ती यांचीच आळी. तिथलं प्रार्थनामंदिर १८४८ सालचं आहे.

१९४८ साली इस्रायल हा देश झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत यांतली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. कुणाला लोद मिळालं, कुणाला अश्दोद, बेरशेबा, तर कुणाला दिमोना. दिमोना म्हणजे १९५५ साली नेगेव वाळवंटात वसवलेलं छोटं गाव. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दिमोनाला दोनशेच्याही आत! ना खाडी, ना नारळी-पोफळीच्या वाड्या. डोळ्यांसमोर नुसत्या उघड्याबोडक्या टेकड्या. समुद्रकाठच्या माणसाला तिथं पहिली काही वर्षं कसं वाटलं असेल, कल्पना करा.

शरद ऋतूतला तिथला दिवस कसा असतो? दुपारी ऊन चटका देतं, पण रात्री स्वेटर लागतो. शाळा १ सप्टेंबरला उघडते आणि लगेच सणांच्या सुट्ट्या! आठवड्याची सुट्टी शनिवारी, रविवारी दप्तर पाठीला. बाजारात डाळिंबं, खजूर आणि चक्क सीताफळंसुद्धा. पावसाळा तिकडे हिवाळ्यात असतो. त्यामुळे आपली कापणी चालते तेव्हा तिथला शेतकरी पेरणीसाठी पहिल्या पावसाची वाट बघत असतो.

कोकणात होते तेव्हा या लोकांनी आपल्या सणांना अस्सल मराठी नावं दिली होती. वर्षाचा पहिला दिवस 'नव्याचा सण'. मग 'खिरीचा सण', त्या दिवशी नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर. दहाव्या दिवशी कडक उपास. दारं बंद करून घरात बसायचं, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. आणि दुसऱ्या दिवशी दानधर्म, भेटीगाठी, तो 'शिळा सण'. किती गोड नावं आहेत, नाही? नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करायचा, तोही नारळाच्या दुधात. मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध खायचं नाही हा त्यांचा नियम. मग कोकणचा नारळच कामाला आला! वाळवंटात हा हलवा करायचा म्हणजे नारळ मात्र विकतचा.

त्यांच्या पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे मांडवाचा सण नेहमी पौर्णिमेलाच सुरू होतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ती रात्र आपल्या कोजागिरीचीच होती! अंगणात फांद्यांचा, झावळ्यांचा मांडव घालतात, मुलं त्याला कागदाच्या माळा लावतात आणि सात दिवस तिथं जेवतात. हा सण संपता संपता पावसाची प्रार्थना होते.

पण तिथं सगळं गोडच होतं असं समजू नका. भाषा नवी, लिपी उजवीकडून डावीकडे, काम अंगमेहनतीचं. १९५२च्या सुमारास काही कुटुंबं कंटाळून भारतात परत आली, आणि पुढे त्यांतली बरीच पुन्हा गेलीही. १९६२ साली तर तिथल्या प्रमुख धर्मपीठाने लग्नाच्या वेळी यांची वंशावळ तपासण्याचा हुकूम काढला. ज्यांनी शतकानुशतकं शनिवारी घाणा फिरवला नाही, त्यांनाच विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? माणसं संतापली नसती तरच नवल! जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेत जाहीर झालं, की बेने इस्राईल सर्वार्थाने ज्यूच आहेत.

मराठी टिकली का? आजी-आजोबांच्या तोंडी टिकली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघू लागलं. नातवंडं मात्र हिब्रूतच भांडतात. पण मलिदा म्हटलं की तीही धावत येतात. भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं आणि फळं, हा एलियाहू हन्नाबींच्या नावाचा प्रसाद. नवस फेडायचा असो की साखरपुडा, मलिदा हवाच. अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावर त्यांच्या रथाची खूण आहे असं मानतात. इस्रायलहून आलेली कुटुंबं शोधत शोधत तिथं जातात. तेव्हा मुलांनो, अलिबागच्या स्टँडवर कुणी परदेशी दिसणारे आजोबा तुम्हांला "खंडाळ्याची गाडी कुठं लागते रे बाळा?" असं विचारू लागले, तर बिचकू नका. नीट पत्ता सांगा, आणि त्यांचं आडनावही विचारा. कदाचित ते तुमच्याच गावाचं निघेल.