जुनेपण रंगवताना

दिवाळीत आणि शाळेच्या प्रदर्शनात मुले किल्ल्यांच्या प्रतिकृती करतात. नांदेड जिल्ह्यातला कंधारचा भुईकोट पुठ्ठा आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसमधून छान उभा राहतो. पण सगळीकडे सारखा राखाडी रंग दिला की तो आज सकाळी बांधल्यासारखा वाटतो. मग कुणीतरी वरून काळा रंग फासते. आता किल्ला जुना नाही, नुसता मळलेला दिसतो. असे का होते?

कारण खऱ्या भिंतीवर ऊन-पावसाचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही. बेसाल्टचा ताजा फोडलेला दगड काळा-करडा असतो. उघड्यावर त्यातील लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन वरचा थर तपकिरी होतो. दरजांतून झिरपणारे पाणी चुना विरघळवून बाहेर आणते आणि पांढरे ओघळ उमटतात. ओल टिकते तिथे शेवाळ धरते. पावसाळ्यात ते हिरवे, उन्हाळ्यात वाळून काळपट दिसते.

हे सारे साध्या साहित्यात दाखवता येते. पोस्टर कलरचा मूळ हात वाळल्यावर त्यावर पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक थर द्यावा. नाहीतर पुढचा ओला हात खालचा रंग उचलेल. हा थर पूर्ण वाळू द्यावा. मग भरपूर पाण्यात चिमूटभर काळा-तपकिरी रंग आणि साबणाच्या पाण्याचा एक थेंब मिसळून तो भिंतीवर सोडावा. साबणाने पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे पाणी थेंब धरून न बसता पसरते आणि खाचांत शिरते. पाणी उडून गेले की रंगाचे कण खाचांतच उरतात. प्रतिकृतीतल्या खाचा उथळ असल्याने त्यांची सावली फिकी पडते. ती उणीव हा रंग भरून काढतो.

उंचवट्यांसाठी उलटी युक्ती. कुंचल्यावर फिका रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसून टाकावा आणि भिंतीवरून हलकेच फिरवावा. कोरडा कुंचला खाचेत पोचत नाही. रंग फक्त कडांना लागतो. दरवाजाच्या खिळ्यांसाठी खरा गंजच घ्यावा. लोखंडी खिळे मिठाच्या पाण्यात भिजवून दोन-तीन दिवस हवेत उघडे ठेवले की तो मिळतो.

आता खरी कसोटी. प्रत्येक डागाजवळ बोट ठेवून विद्यार्थ्याला विचारावे, ‘हे पाणी कुठून आले?’ ओघळाच्या वर दरज, भेग किंवा पन्हाळ हवी. भिंतीच्या मधोमध, कशाच्याही आधाराशिवाय सुरू होणारा ओघळ कितीही सुंदर असला तरी खोटा, तो पुसावा. उत्तर येत नसेल तर वर्ग घेऊन बाहेर पडावे. शाळेच्या गच्चीच्या पन्हाळीखालची भिंत ते दाखवील.