कॅमेरा चालावा, चित्र डळमळू नये!

६ डिसेंबर असो की १४ एप्रिल, दादर-माहीमच्या रस्त्यांवर हजारो हात मोबाईल उंचावून चित्रण करीत असतात. मिरवणूक, लेझीम, भीमगीतांचा कार्यक्रम, गावाहून आलेली आजी, सारे टिपले जाते. परंतु घरी येऊन तेच टीव्हीवर लावले की पाच मिनिटांत सर्वांचे डोके गरगरू लागते. चित्र इतके हिंदकळते की आजीचा चेहराही धड दिसत नाही. आजी पुढच्या वर्षी येईलच असे नाही, आणि तिचे चालते-बोलते चित्र आपल्याजवळ एवढेच असते. म्हणून हा विषय निव्वळ हौसेचा नाही.

आमच्या माहीममधील काही तरुण मुलांनी वस्तीतील वृद्ध माणसांच्या आठवणी चित्रित करायचे ठरविले आणि पहिली मागणी केली ती गिंबलची. "काका, वर्गणी काढू या," म्हणाले. आम्ही पडलो हिशेबनीस! खर्चाचा आकडा ऐकला की आधी विचारतो, याशिवाय भागते का? या बाबतीत उत्तर असे की, बऱ्याच अंशी भागते.

हलत्या कॅमेऱ्याचा इतिहासच मुळी काटकसरीचा आहे. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचा कॅमेरामन प्रोमिओ याने व्हेनिस शहरात कॅमेरा सरळ नावेत ठेवला. नाव पाण्यावरून सरकली आणि काठावरची घरे पडद्यावर चालू लागली. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतःच कॅमेरा तयार केला. त्यांच्याच हाताखाली घडलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी साथीदारांसह १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' कंपनी काढली. १९३१ च्या 'चंद्रसेना' या मूकपटात शांतारामांनी कॅमेरा ट्रॉलीवर चढवून फिरविला, आणि भारतातील तो पहिला ट्रॉली शॉट मानला जातो. पुढे १९६० मध्ये पडद्यावर आलेल्या 'ब्रेथलेस' या फ्रेंच चित्रपटात तर गोदार यांनी कॅमेरामनला चक्क चाकांच्या खुर्चीत बसविले आणि खुर्ची ढकलली. पैसा नव्हता म्हणून अडून बसले असते, तर ही चित्रे आपल्याला दिसली नसती.

आता आपल्या कामाचे पाहू.

पहिले साधन आपले शरीर, आणि त्याला छदाम लागत नाही. मोबाईल दोन्ही हातांत धरावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत, गुडघे किंचित वाकवावेत आणि टाच आधी, मग चवडा असे पाऊल हळू टाकावे. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालणारी बाई आठवा. तिचे पाय चालतात, हंडा डुचमळत नाही. मागे चालत चित्रण करायचे असेल तर दुसऱ्याने पाठीमागून कमरेचा पट्टा धरून वाट दाखवावी. माहीमच्या गल्ल्यांतील पायऱ्या आणि उघडी गटारे पाहता ही सूचना हसण्यावारी नेऊ नये. आणि झूम टाळावा. झूम केल्याने माणूस जसा मोठा दिसतो, तसा हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. त्यापेक्षा चार पावले पुढे जावे.

दुसरे साधन पाइप आणि वजन. अमेरिकेच्या गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात 'स्टेडिकॅम' शोधून काढला. १९७६ च्या 'रॉकी' चित्रपटात तो वापरला गेला. यंत्र महाग, पण त्यामागचे तत्त्व आपल्या डोंबाऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. दोरीवर चालताना तो हातात लांब बांबू आडवा धरतो. वजन दूरवर विभागले की वस्तू चटकन कलत नाही. तेच येथे करायचे. नळाच्या कामाचा अर्ध्या इंची पाइप दीड-दोन फूट घ्यावा. वरच्या टोकाला मोबाईलचा होल्डर, खालच्या टोकाला व्यायामशाळेतील अर्धा-एक किलोचे वजन आणि मध्ये 'टी' जोडून आडवी मूठ. मूठ आवळू नये, बोटांवर सैल ठेवावी. खालचे वजन फार झाले तर पाइप लंबकासारखा झुलू लागतो, तेव्हा थोडे कमी करून पाहावे. निघताना आणि थांबताना झटका देऊ नये.

तिसरे साधन चाके. दवाखान्यातील जुनी चाकांची खुर्ची कुणाकडे असेल तर उत्तमच, पण तिला गुळगुळीत फरशी हवी. आपल्या पदपथांवरच्या फरशांच्या प्रत्येक सांध्यावर चित्र उडी घेते. तेथे दोन लांब पीव्हीसी पाइप समांतर टाकून रूळ करावेत. फळीखाली लोखंडी अँगल बसवून त्याच्या दोन्ही उतारांवर स्केटिंगची बेअरिंगे लावली की ती पाइपवर बसून सरकते. माहीमला खाऱ्या हवेने बेअरिंग लवकर गंजते, त्यामुळे काम झाले की तेलाचे दोन थेंब टाकण्यास विसरू नये.

मोबाईलमध्ये स्थिरीकरणाची सोय असते. त्यात चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, आणि रात्रीच्या उजेडात हलल्याचा पुसटपणा तसाच राहतो. सेकंदाला ५० चित्रे घेऊन ती निम्म्या वेगाने दाखविली की हिसके सौम्य होतात. लेझीमला हे शोभते, भाषणाला मात्र उपयोगाचे नाही, कारण आवाज जुळत नाही. गिंबलविषयीही एक गोष्ट मुलांना सांगितली. त्याच्या मोटारी मोबाईलचे कलणे-वळणे सावरतात, पण पावलागणिक होणारे वर-खाली हलणे सावरत नाहीत. चालायला शेवटी शिकावेच लागते.

एवढे सांगूनही आमचे मत असे की, वृद्ध माणूस बोलत असेल तेव्हा कॅमेरा फिरवूच नये. मोबाईल टेबलावर पुस्तकांच्या थप्पीला टेकवावा आणि त्याच्याकडे लक्ष द्यावे. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पाहा. ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारापासून आणि शाहीर विलास घोगरे यांच्या मृत्यूपासून सुरू झालेला तो माहितीपट चौदा वर्षांनी, २०११ साली पूर्ण झाला. हातात कॅमेरा घेऊन, पैशाच्या चणचणीत, गर्दीत शिरून तो चित्रित झाला आहे. तिथे चित्र कुठे हलते याकडे लक्ष जात नाही, माणसे काय सांगतात याकडे जाते. फिरता कॅमेरा मिरवणुकीला, गल्लीतून घरापर्यंत जाणाऱ्या वाटेला, फार तर माणूस बोलून झाल्यावर त्याच्या खोलीला.

मुलांनी पाइप जोडला आहे. वजन सध्या व्यायामशाळेचे उसने आहे. पहिला प्रयोग गल्लीच्या तोंडापासून एका आजोबांच्या दारापर्यंत केला. सहा वेळा चालावे लागले. सातव्या वेळी आजोबाच दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता आत या, चहा गार होतोय." तो शॉट चांगला आला आहे.