घशातली सूज, गळ्यावरची गाठ

घशाला सूज आली, असे रुग्ण म्हणतो तेव्हा ती नेमकी कुठे आहे हे आधी पाहावे लागते. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, टॉन्सिलवर असेल तर एक आजार. जबड्याखाली किंवा मानेच्या कडेला असेल तर दुसरा. आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असेल तर तिसराच. ती दुखते का आणि किती दिवसांची आहे, एवढे आणखी विचारले की निम्मे निदान हाती येते.

आतली सूज सर्वांत नेहमीची. नाकातोंडावाटे शिरणाऱ्या जंतूंशी शरीराची पहिली गाठ टॉन्सिलपाशी पडते, म्हणून शाळकरी वयात ते मोठे असतात आणि वारंवार सुजतात. बहुतेक वेळा कारण असते विषाणू. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो आणि आठवडाभरात सारे आपोआप निवळते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी एवढे पुरते. अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या जळकोट, नळदुर्ग, अणदूर या पट्ट्यात सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत घसा खवखवतो तो कधीकधी नुसत्या भुसकटाच्या धुळीने. त्याला गोळी नको, तोंडाला रुमाल हवा. पडजीभ ‘पडली’ म्हणून बोटाने दाबून वर करण्याचाही उपयोग नाही. सुजलेली पडजीभ सुजेबरोबरच ओसरते.

अपवाद स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा. नाक कोरडे, खोकला नाही, पण ताप चढलेला. टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके, आणि जबड्याच्या कोनाखाली बोट ठेवले तर दुखरी गाठ लागते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात असे चित्र दिसले तर डॉक्टरांना दाखवावेच. हा घसाही काही दिवसांत बरा झाल्यासारखा वाटतो, पण थोड्या मुलांत दोन-तीन आठवड्यांनी गुडघा, घोटा, मनगट असे सांधे आळीपाळीने सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. हाच संधिवाताचा ताप. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तर तो टळतो. झडपेला इजा झाली की तेच पेनिसिलिन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे टोचून घ्यावे लागते. दोन गोळ्या आणि एक सुई ही आपल्याकडची रीत इथे दोन्हीकडून फसते: विषाणूच्या घशाला नको असलेले औषध मिळते आणि स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला दहा दिवसांचे औषध हवे असताना ते दोन दिवसांत थांबते.

घटसर्प आता क्वचित दिसतो, पण संपलेला नाही. टॉन्सिलवर करड्या रंगाचा पापुद्रा धरतो. तो खरवडायला गेले की रक्त येते. मान बैलाच्या मानेसारखी सुजते. जंतू घशातच राहतात, पण त्यांचे विष रक्तातून हृदयापर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत जाते. या विषावरचे प्रतिविष शोधून काढणाऱ्या एमिल फॉन बेरिंग यांना 1901 सालचे वैद्यकाचे पहिले नोबेल मिळाले. प्रतिबंध मात्र लसीकरणानेच होतो: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पाच-सहा वर्षांना डीपीटीचे बूस्टर, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना ज्याची लस टोचतात तो घटसर्प निराळ्या जंतूचा आहे. गोठ्यातल्या म्हशीची लस न चुकवणाऱ्या घरातही मुलाचा पाचव्या वर्षीचा डोस राहून जाऊ शकतो.

काही वेळा मात्र थांबायला सवड नसते. मूल पुढे वाकून बसले आहे, लाळ गळते आहे, श्वासाला घरघर आहे, तर चमच्याने जीभ दाबून घसा पाहू नये. तेवढ्यानेही श्वासनलिका बंद होऊ शकते. तोंड उघडेनासे होणे आणि एकाच बाजूला कानापर्यंत कळ जाणे ही टॉन्सिलमागे पू झाल्याची खूण. किडलेल्या दाढेमुळे हनुवटीखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली गेली, किंवा मधमाशी चावल्यावर अथवा इंजेक्शननंतर मिनिटांत घसा आवळला, तर थेट रुग्णालय गाठावे.

बाहेरच्या सुजेत गालगुंड मुलांच्या ओळखीचे: कानाच्या पाळीखाली फुगवटा येतो, चघळताना दुखते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. मानेच्या कडेच्या लहान दुखऱ्या गाठी घशाच्या संसर्गाबरोबर येतात आणि जातात. पण गाठ दुखत नाही, महिना उलटला तरी जात नाही, दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटल्यासारख्या लागतात, तर कंठमाळ म्हणजे गाठींचा क्षयरोग असू शकतो. सुईने पेशी काढून तपासणी होते आणि सहा महिन्यांचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. लेप लावून वाट पाहण्यात फक्त वेळ जातो.

कंठाखालची सूज बहुधा थायरॉइडची. आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट घ्यावा; घोटाबरोबर गाठ वर सरकून खाली आली तर ती थायरॉइडची समजावी. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड, म्हणजे आयोडीनच्या अभावाने येणारी थायरॉइडची सूज, घटतो हे दाखवले. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 2006 पासून आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास देशभर बंदी आहे. हे मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे. उघड्यावर, दमट हवेत आयोडीन उडून जाते. आता थायरॉइडची सूज आयोडीन पुरेसे असूनही दिसते, म्हणून रक्ताची टीएसएच तपासणी आणि सोनोग्राफी करावी लागते.

उरतो आवाज. तुळजापुरात नवरात्रभर गाणारे आराधी, वर्गात ओरडणारे शिक्षक, बाजारातले विक्रेते यांच्या स्वरतंतूंवर ताण पडून बारीक गाठी येतात. आवाजाला विश्रांती दिली की त्या बऱ्याचदा विरतात. तंबाखू, बिडी किंवा गुटखा घेणाऱ्याचा आवाज बसला तर मात्र कर्करोगाची शंका आधी घ्यावी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, सवय सुटलेली नाही. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिच्यात धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम तालुकेही होते. रुग्ण आपणहून येत नाहीत म्हणून नोंदणीचे लोक गावोगाव फिरून कर्करोगाच्या खुणा समजावून सांगत. त्यातली घशाची खूण अशी: तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगरा, घास अडकतो, किंवा मानेत न दुखणारी गाठ आहे, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्यावा.